बॉयलरची कार्यक्षमता : हिशेबाच्या दोन रीती आणि फायरमनच्या माथी येणारा कोळसा

(ओमती, जबलपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वाचून टपाल खात्यातल्या मंडळींना वाटले असेल, की बॉयलरशी आपला काय संबंध? आणि रेल्वेतले म्हणतील, वाफेचे इंजिन तर केव्हाच गेले. ब्रॉडगेजवरचे १९९५ च्या डिसेंबरात थांबले. दोन्ही शंका रास्त आहेत. पण माणसाच्या कामावर एकच आकडा ठोकायचा आणि त्या आकड्यावरून त्याला जाब विचारायचा, ही पद्धत बॉयलरपासून टपालाच्या छाननीपर्यंत सगळीकडे आहे. टपालवाल्यांना बेवूर यांच्या नावाने ओळखली जाणारी टाइम टेस्ट आठवत असेल. कोणत्या कामाला किती मिनिटे, यावरून किती माणसे ठेवायची ते ठरत असे. बॉयलरवर मिनिटांच्या जागी कोळसा येतो. हिशेब कोण मांडतो आणि कोणत्या रीतीने मांडतो, यावर शिक्षा कोणाला हे ठरते. म्हणून ही रीत आपल्याला आली पाहिजे. चौथीचा गुणाकार-भागाकार येत असला तरी पुरे.

आपण बसलो आहोत ते शहर वाफेवरच वाढले. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपूरला पोचली, इटारसीकडून जीआयपी १८७० साली आली आणि मुंबई-कलकत्ता असा सलग रूळ इथे जुळला. पुढे गोंदियाकडे जाणारी छोटी लाइन आली. तिचे हाऊबाग स्टेशन २०१५ साली बंद झाले, पण छोटी लाइन फाटक हे नाव अजून टिकून आहे. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. या सगळ्यांच्या मुळाशी भट्टी होती आणि भट्टीला कोळसा लागत होता. इटारसी-जबलपूर मार्गावर गाडरवाऱ्याजवळ मोहपानीच्या खाणी आहेत. १८६२ पासून एक खासगी कंपनी त्या चालवत होती, १९०४ मध्ये जीआयपी रेल्वेने त्या स्वतःकडे घेतल्या. दुसऱ्या बाजूला कटनीपलीकडे उमरियाचा कोळसा. आपल्या वरोऱ्याची खाणही त्याच जमान्यातली. रेल्वे कंपनी स्वतः खाण विकत घेते, यावरूनच कळते की तिच्या खर्चात कोळशाचे वजन किती असेल.

कोळशाचा हिशेब हा मुळात पैशाच्या भांडणातून जन्मला, हे सांगून पुढे जातो. जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी कॉर्नवॉलच्या खाणीत इंजिने बसवली. त्यांचा मोबदला ठरला तो असा : जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. आता वाचला किती हे ठरवायचे तर दोन्हीकडे मोजमाप हवे. खाणमालक म्हणत इतका वाचला नाही, वॅट म्हणे वाचला. कार्यक्षमतेचा आकडा तेव्हापासूनच कोणाच्या तरी खिशाशी बांधलेला आहे. त्याला शुद्ध विज्ञान समजून मान डोलवू नका. विज्ञान त्यात आहे, पण वजनकाटा कोणाच्या हातात आहे हेही त्यात आहे.

आता हिशेबाकडे येऊ. बॉयलरची कार्यक्षमता म्हणजे काय? कोळशात जेवढी उष्णता होती, त्यातली शंभरात किती वाफेत गेली. बस, एवढेच. इथे एक घोटाळा आधीच दूर करतो. वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता सहा ते आठ टक्के, असे आपण ऐकत आलो. तो आकडा बॉयलरचा नव्हे, कोळशापासून थेट चाकापर्यंतचा आहे. त्यातला बॉयलर बिचारा साठ-सत्तर टक्के काम करीत होता. वाफ सिलिंडरमध्ये काम करून धुराड्यातून फुस्स करून जाते, मोठे नुकसान तिथे होते. पण सहा टक्क्यांचा आकडा असा काही सांगितला जाई, की जणू बाकीचे चौऱ्याण्णव टक्के फायरमननेच राखेत ओतले.

पहिली रीत सरळ आहे, तिला डायरेक्ट मेथडच म्हणतात. वाफेत गेलेली उष्णता वर, कोळशातली उष्णता खाली, भागाकार करा आणि शंभराने गुणा. फळ्यावर एक उदाहरण मांडतो. आकडे शिकवण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या एका कारखान्याचे नव्हेत.

आठ तासांच्या पाळीत बॉयलरने १२,००० किलो वाफ दिली. दाब ७ किलो, वाफ कोरडी. वाफेच्या तक्त्यात पाहिले तर अशा एक किलो वाफेत सुमारे ६६१ किलोकॅलरी उष्णता असते. पाणी आत गेले ते ६० अंशांवर, म्हणजे त्याच्याबरोबर ६० किलोकॅलरी आधीच आली. तेव्हा बॉयलरने किलोमागे घातली ६६१ वजा ६०, म्हणजे ६०१. गुणिले १२,०००, झाले ७२,१२,००० किलोकॅलरी. कोळसा जळला २,६०० किलो, त्याचा उष्मांक किलोला ४,०००. झाले १,०४,००,०००. भागाकार केला की येतात ६९.३ टक्के.

साहेब फाइलवर लिहितो, एकोणसत्तर टक्के, अपेक्षा पंचाहत्तरची, संबंधित कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवावा. संबंधित कर्मचारी म्हणजे कोण? भट्टीच्या दारात उभा असलेला.

खुलासा लिहायच्या आधी आपण या हिशेबातला एकेक आकडा हातात घेऊन वाजवून पाहू.

पहिला उष्मांक. ४,००० हा आकडा कुठून आला? कोळशाच्या ग्रेडवरून. पूर्वी, १९७९ पासून, आपल्याकडे उपयुक्त उष्मांकावर ए ते जी अशा ग्रेड होत्या. ८,९०० मधून राख आणि ओल यांच्या टक्क्यांच्या बेरजेची १३८ पट वजा करायची, की ग्रेड मिळे. १ जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांकावर आधारलेल्या जी-१ ते जी-१७ अशा सतरा ग्रेड आल्या. त्यातली जी-१२ ही ग्रेड ३,७०० च्या वरपासून ४,००० पर्यंतची. म्हणजे ४,००० चा कोळसा जी-१२ आणि जेमतेम ३,७०० ओलांडणाराही जी-१२. बिलावर अक्षर एकच. आता आपल्या हिशेबात ४,००० च्या जागी ३,७०० घाला. खालची उष्णता होते ९६,२०,००० आणि कार्यक्षमता होते ७५ टक्के! तोच बॉयलर, तोच माणूस, तीच पाळी. एकाच ग्रेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले की खुलासा मागवण्याजोगा कर्मचारी अपेक्षेला उतरतो.

त्यातून ग्रेड ठरते ती ठरावीक उष्णतेच्या आणि दमटपणाच्या हवेत ठेवून स्थिरावलेल्या नमुन्यावर. यार्डात आलेला कोळसा जुलै-ऑगस्टचा पाऊस पिऊन आलेला असतो. काट्यावर पाण्याचेही वजन भरते. त्या पाण्याला आपण कोळसा म्हणून रजिस्टरात लिहितो आणि मग ते पाणी का जळले नाही म्हणून फायरमनला विचारतो.

दुसरा आकडा वाफेचा. लहान बॉयलरवर वाफेचा मीटर बहुधा नसतो. पाण्याचा मीटर असतो आणि आत गेले तेवढे पाणी म्हणजे बाहेर पडली तेवढी वाफ, असे धरतात. हे साफ चूक. पाळीत ब्लोडाऊनने १,४०० किलो पाणी बाहेर सोडले असेल, तर मीटर दाखवील १३,४००. तेवढी वाफ धरून हिशेब केलात तर ७७ टक्के येतात. म्हणजे उकळते पाणी जितके जास्त गटारात सोडाल, तितका बॉयलर कागदावर उत्तम! वाफेबरोबर पाण्याचे थेंब उडत असतील तरी तेच. वाफेत शेकडा पाच भाग पाणी असेल तर खरी कार्यक्षमता ६९ नव्हे, साडेसहासष्ट आहे, पण मीटरला ते दिसत नाही. म्हणून कमी-जास्त होण्याचा दोष किंवा श्रेय कोणाला देण्याआधी विचारायचे, की वाफ मोजली की पाणी मोजले? पाळीच्या सुरुवातीला गेज ग्लासमध्ये पाणी कुठे होते आणि शेवटी कुठे होते? जाळीवर आगीचा थर सुरुवातीला किती जाड होता आणि सोडताना किती? मागच्या पाळीने पातळ आग सोडली तर ती भरून काढण्याचा कोळसा तुमच्या नावावर पडतो. ज्यांनी शेडमध्ये काम केले आहे त्यांना हे सांगायला नको.

तिसरे म्हणजे उष्मांक एकूण धरला की निव्वळ. कोळशातला हायड्रोजन जळून पाणी होते आणि ते वाफ होऊन धुराड्यातून जाते. ती उष्णता कोणालाच परत मिळत नाही. एकूण उष्मांकात ती मोजलेली असते, निव्वळमध्ये वजा केलेली असते. आपल्या उदाहरणातल्या कोळशाचा निव्वळ उष्मांक साधारण ३,८२० येतो आणि त्यावर कार्यक्षमता येते साडेबहात्तर. बॉयलर विकणारा पुष्कळदा निव्वळ उष्मांकावर हमी देतो, आणि चालवणाऱ्याला मात्र एकूण उष्मांकावर मोजतात. विकत घेताना एक गज आणि जाब विचारताना दुसरा. करारातली ती ओळ मागून वाचा.

आता दुसरी रीत. ही लांब आहे, म्हणून टाळली जाते. पण माझ्या मते कामगाराच्या कामाची तीच आहे. तिला इनडायरेक्ट मेथड म्हणतात, आपण नुकसानीची रीत म्हणू. यात वाफ मोजत नाहीत. कोळशातली उष्णता कुठे कुठे वाया गेली ते एकेक शोधतात, बेरीज करतात आणि शंभरातून वजा करतात. घरखर्चासारखेच. महिन्याअखेर पैसे उरले नाहीत एवढे सांगणारा हिशेब वेगळा आणि किराणा इतका, दूध इतके, दवाखाना इतका असा हिशेब वेगळा. पहिल्याने नवरा-बायकोचे भांडण होते, दुसऱ्याने काही कळते.

याला लागते काय? धुराड्यातल्या वायूचे तापमान, त्यातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, कोळशाचे आणि राखेचे प्रयोगशाळेतले पृथक्करण. तोच कोळसा घेऊ : शंभरात कार्बन ४३, हायड्रोजन अडीच, ऑक्सिजन १०, ओल ८, राख ३५, बाकी किरकोळ. एक किलो असा कोळसा पुरता जाळायला हिशेबाने ५.४ किलो हवा पुरे. पण धुरात ऑक्सिजन सापडला ९ टक्के. एकवीसमधून नऊ वजा, बारा; नऊ भागिले बारा, म्हणजे पंचाहत्तर टक्के हवा जादा आत गेली. प्रत्यक्षात गेली साडेनऊ किलो. ती बाहेरच्या ३० अंशांवर आत आली आणि २३० अंशांवर बाहेर पडली. किलोमागे सुमारे ९.९ किलो कोरडा वायू, विशिष्ट उष्णता ०.२४, फरक २०० अंशांचा. झाले ४७५ किलोकॅलरी. चार हजारांत हे पावणेबारा-बारा टक्के. सगळ्यात मोठी गळती ही, आणि ती हवा तापवण्यात जाते.

हायड्रोजनपासून झालेले पाणी : ३.८ टक्के. कोळशाची ओल : १.३. राखेत जळायचा राहिलेला कार्बन : राखेच्या किलोमागे ७०० किलोकॅलरी उरली असेल तर ६.१. अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होऊन गेलेले एक टक्का. बॉयलरच्या अंगातून बाहेर फेकली जाणारी उष्णता अडीच टक्के. आणि ब्लोडाऊनचे १,४०० किलो पाणी, त्याचे दीड टक्का. हा शेवटचा आकडा मानक चाचणीत दिसत नाही. भारतीय मानक ८७५३ किंवा ब्रिटिश मानक ८४५ यांची चाचणी थोड्या वेळाची असते आणि तिच्यात ब्लोडाऊन नुकसान म्हणून धरत नाहीत. आपला हिशेब पुऱ्या पाळीचा आहे, म्हणून तो धरला पाहिजे.

बेरीज २८.१. शंभरातून वजा, ७१.९.

सरळ रीतीने आले होते ६९.३. अडीच टक्क्यांचा फरक पडला. हा फरक पाहून घाबरू नका, तो आपला साक्षीदार आहे. वाफेचा आकडा बरोबर असेल आणि नुकसानही नीट मोजले असेल, तर एवढ्या वाफेला २,६०० नव्हे, २,५१० किलोच्या आसपास कोळसा पुरायला हवा होता. मग ९० किलो कोळसा कुठे गेला? एक शक्यता अशी, की रजिस्टरात लिहिलेला सगळा कोळसा भट्टीच्या दारापर्यंत आलाच नाही. काटा खोटा असेल, गाडी न तोलता अंदाजे टोपल्या धरल्या असतील, किंवा आणखी काही असेल. दुसरी शक्यता अशी, की उष्मांक ४,००० नसून ३,९०० आहे. तो आकडा दोन्ही रीतींत घालून पाहा, दोन्ही ७१ टक्क्यांवर येऊन भेटतात! एका रीतीने हे कधीच उमगले नसते. आणखी एक पाहा. उष्मांकाचा आकडा ४,००० वरून ३,७०० केला तर सरळ रीत साडेपाच टक्क्यांनी उडी मारते, नुकसानीची रीत दोनेक टक्केच हलते. ज्या देशात कोळशाची ग्रेड पावसाळी हवेसारखी बदलते, तिथे कोणती रीत भरवशाची, हे तुम्हीच सांगा.

अर्थात नुकसानीची रीतही देवाने लिहून दिलेली नाही. धुराड्यात नळी कुठे घातली यावर ऑक्सिजनचा आकडा बदलतो. वाटेत कुठे भिंतीला चीर असेल तर बाहेरची हवा शिरते आणि भट्टीतली आग चांगली असूनही ऑक्सिजन जास्त दिसतो. अंगातून जाणारी उष्णता बहुतेक वेळा मोजत नाहीत, तक्त्यातून उचलतात. म्हणून मी म्हणतो, दोन्ही रीती शेजारी शेजारी मांडा.

आता मुख्य गोष्ट. या अठ्ठावीस टक्क्यांत फायरमनच्या, आजच्या भाषेत बॉयलर अटेंडंटच्या, हातात किती आहे?

हायड्रोजनचे ३.८ कोळसा जमिनीत तयार झाला तेव्हाच ठरले. ओलीचे १.३ खाणीचे, वाघिणीचे आणि यार्डावर छप्पर न घालणाऱ्याचे. अंगातून जाणारे अडीच लॅगिंग उखडले असेल तर वाढतात, ते लावणे व्यवस्थापनाचे काम. ब्लोडाऊन किती हे पाणी किती जड यावर, म्हणजे पाणी मऊ करण्याचे यंत्र चालते की नाही यावर अवलंबून. राखेतले सहा टक्के वाटून घ्यावे लागतील. आग वरचेवर ढवळली, थर जाड-पातळ ठेवला तर दोष माणसाचा. पण जाळीचे बार झिजून फटी पडल्या असतील आणि कोळसा निम्मा चुरा असेल, तर तो जळण्याआधीच राखेच्या खड्ड्यात जाणार. आणि धुराड्यातले बारा? डॅम्पर माणसाच्या हातात आहे खरा. ऑक्सिजन ९ वरून ६ वर आणला तर या हिशेबात सव्वादोन टक्के वाचतात, ही कसबाची गोष्ट आहे आणि ती आपल्याला आली पाहिजे. कामगार संघटनेने कामात ढिलाई झाकायची नसते. पण धुराचे तापमान २३० वर गेले ते नळ्यांत काजळी आणि पाण्याच्या बाजूला क्षार बसल्यामुळे. वीस-बावीस अंश चढले की एक टक्का गेलाच. नळ्या साफ करायला बॉयलर बंद करावा लागतो आणि बंद करण्याची परवानगी फायरमन देत नसतो. मी माझ्यापुरता हिशेब केला तर अठ्ठाविसातले चार-पाच टक्के चालवणाऱ्याच्या हातात येतात. बाकीच्यासाठी त्याला जबाबदार धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

वाफेच्या इंजिनावर तर हे आणखी कठीण होते. तिथे भट्टीला ओढ लागते ती सिलिंडरमधून सुटणाऱ्या वाफेच्या झोताने. गाडी जड, चढ लागलेला, इंजिन ताणलेले, म्हणजे झोत जोरात. आणि जोराच्या झोताबरोबर अर्धवट जळलेले निखारे धुराड्यातून उडून जातात. ज्यांनी रात्री खिडकीतून त्या ठिणग्या पाहिल्या असतील, त्यांनी कोळशाचे नुकसान डोळ्यांनी पाहिले आहे. जितके जास्त जाळावे तितकी बॉयलरची कार्यक्षमता खाली. सातपुड्याचा चढ चढणारा आणि नर्मदेच्या सपाटीवर हलकी गाडी नेणारा यांचा किलोमीटरमागचा कोळसा एका तराजूत तोलणे मुळातच गैर.

ती इंजिने गेली. पण वाफ रेल्वेतून गेलेली नाही. वातानुकूलित डब्यांतल्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुण्यासाठी रेल्वेने यांत्रिक धुलाईगृहे उभारली, तिथे धुवायला, वाळवायला, इस्त्रीला वाफ लागते. कुठे डिझेल जळते, कुठे गॅस, कुठे भुशाच्या विटा. बरीचशी कामे ठेकेदाराकडे आहेत आणि बॉयलरसमोरचा मुलगा कंत्राटी आहे. इंधनाचे बिल वाढले की त्याच्या पगारावर नजर जाते. त्याच्याजवळ संघटना नाही, हिशेबाची वही नाही आणि त्याला कोणी हे गणित सांगितलेले नाही. आपण कायम कामगार त्याच आवारात असतो. त्याला हे गणित शिकवणे आपले काम आहे असे मी मानतो.

आणि हे फक्त पगाराचे नाही, जिवाचे आहे. आकडा सुधारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? ब्लोडाऊन बंद करा. दीड टक्का लगेच वाचतो. महिनाभर वाहवा मिळते. मग क्षार नळ्यांवर चढतात, धातूला पाण्याचा गारवा मिळेनासा होतो, तो लाल होतो आणि फुगतो. वाचवलेला दीड टक्का तर क्षारांच्या थराने केव्हाच परत घेतलेला असतो. राखेचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१७ रोजी रायबरेली जिल्ह्यातल्या उंचाहार औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटच्या संचाच्या बॉयलरमध्ये स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. भट्टीच्या तळाशी राखेचे थर साचले होते आणि संच चालू असतानाच ते काढण्याचे काम सुरू होते. मोठा बॉयलर असो की धुलाईगृहातला, आकडा राखायचा म्हणून बंद करायचा तो बंद केला नाही, की भट्टीजवळचा माणूस आधी मरतो. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला आहे. त्यातल्या शिक्षा, दंड आणि तपासणीच्या तरतुदींवर वेगळे बोलावे लागेल, आज नको.

आज एवढेच ठरवून उठू. जिथे जिथे आपल्या आवारात बॉयलर आहे, तिथे पाळीची वही ठेवायला सांगायचे. तिच्यात काट्यावर तोललेले इंधन, मीटरचे पाणी, ब्लोडाऊनची वेळ आणि किती सेकंद व्हॉल्व्ह उघडा होता ते, गेज ग्लासची पातळी सुरुवातीला आणि शेवटी, आत जाणाऱ्या पाण्याचे तापमान, धुराचे तापमान. धुराचा थर्मामीटर नसेल तर तो लेखी मागायचा. आत जाणारे पाणी सहा अंशांनी गरम झाले तर एक टक्का इंधन वाचते, तेव्हा परत येणारे गरम पाणी गटारात जात असेल तर तेही लिहून ठेवायचे. कोळशाचा नमुना घेताना कामगारांचा एक माणूस हजर असावा, आणि नमुन्याचे तीन भाग करून एक मोहोर लावून राखून ठेवावा, ही मागणी करायची. कोणावर जादा इंधनाचा ठपका आला, तर खुलाशात रडगाणे लिहू नये. नुकसानीच्या रीतीचा हिशेब मागावा. तो केलेला नसेल तर ठपका ठेवणाऱ्याने आधी तो करून दाखवावा, एवढे एकच वाक्य लिहावे.

टपालच्या मंडळींपैकी दोघांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, की छाननीच्या मोजणीला अशी दुसरी रीत बसवता येईल का. येईल असे मला वाटते. पिशवी उशिरा आली, पत्ता अपुरा होता, दिवे गेले, यंत्र बंद होते : हीदेखील नुकसाने आहेत आणि ती वेगळी लिहिता येतात. त्यावर आता प्रश्नोत्तरांत बोलू. फळ्यावरचा हिशेब पुसलेला नाही, ज्यांना उतरवून घ्यायचा आहे त्यांनी आधी तो घ्यावा.